दम्यावरची प्रतिपिंडे आणि शहापूर-मुरबाडचा रक्ताचा अहवाल

दम्यावर गेल्या वीस-बावीस वर्षांत प्रतिपिंडांची जी इंजेक्शने आली, त्यांचे निम्मे यश योग्य रुग्ण निवडण्यात आहे. ही निवड मुख्यतः रक्तातल्या दोन आकड्यांवर होते: इओसिनोफिल पेशींची संख्या आणि आयजीईची पातळी. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हे आकडे बहुधा दम्याविषयीच बोलतात. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ते जंतांविषयी, हत्तीरोगाविषयी, एवढेच काय, गेल्या आठवड्यात टोचलेल्या इंजेक्शनाविषयीही बोलत असतात. तेव्हा इथे औषधाआधी आकडा तपासायला हवा.

आधी औषधांचे कार्य पाहू. 1966-67 च्या सुमारास किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत, आणि स्वतंत्रपणे स्वीडनमधल्या संशोधकांनी, आयजीई हे प्रतिपिंड ओळखले. ते मास्ट पेशींवर जाऊन बसते. धूळ, बुरशी, झुरळ यांचा अंश त्याला भिडला की त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडतात आणि श्वासनलिका आवळतात. 1975 मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची रीत काढली. 1984 चे नोबेल त्यासाठीच मिळाले. त्या रीतीतून आयजीईलाच पकडणारे ओमॅलिझुमॅब तयार झाले आणि 2003 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याचा डोस रुग्णाचे वजन आणि आयजीईची पातळी यांवरून ठरतो, म्हणजे इथे आकडा चुकला तर मात्राही चुकते.

दुसरी शाखा इंटरल्यूकिन-5 ची. हे संदेशवाहक प्रथिन इओसिनोफिलांना वाढवते आणि जगवते. मेपोलिझुमॅब ते प्रथिनच अडवते. बेनरालिझुमॅब इओसिनोफिलच्या अंगावरच्या ग्राहकाला चिकटून शरीराच्याच मारक पेशींकडून तिला संपवते, त्यामुळे रक्तातली संख्या जवळपास शून्यावर येते. डुपिलुमॅब इंटरल्यूकिन-4 आणि 13 यांचा सामाईक ग्राहक बंद करते. 2021 मध्ये मान्य झालेले टेझेपेलुमॅब आणखी वरच्या टप्प्यावर, श्वासनलिकेच्या अस्तरातून निघणाऱ्या टीएसएलपी या संदेशावर, काम करते.

या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग मात्र अपयशाचा आहे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेपोलिझुमॅबने इओसिनोफिल घटवले, पण दम्यात फरक पडला नाही. औषध जवळजवळ निकालात निघाले होते. 2009 मध्ये दोन छोट्या चाचण्यांनी तेच औषध वारंवार अ‍ॅटॅक येणाऱ्या आणि इओसिनोफिल चढे राहणाऱ्या रुग्णांनाच दिले, आणि अ‍ॅटॅक ठळकपणे कमी झाले. औषधात काही बदलले नव्हते. रुग्ण बदलले होते. म्हणून आज अशी इंजेक्शने देताना रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये 150 किंवा 300 इओसिनोफिल अशा रेषा पाहिल्या जातात.

आता या रेषा डोळखांब, किन्हवली किंवा टोकावड्याच्या बाजूला आणून पाहा. भातखाचरात अनवाणी राबणाऱ्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांत जंत ही नवलाची गोष्ट नाही. अंकुशकृमी आणि गोलकृमी यांच्या अळ्या फुप्फुसातून प्रवास करतात, तेव्हा काही दिवस खोकला आणि घरघरही होऊ शकते. जंतांनी इओसिनोफिल आणि आयजीई दोन्ही चढतात. अशा माणसाला दमाही असेल तर अहवालातला 600 चा आकडा कुणाच्या खात्यावर मांडायचा? जंतांचे औषध देऊन काही आठवड्यांनी पुन्हा मोजल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. दरवर्षी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाड्यांत मुलांना दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी या दृष्टीने दम्याच्या निदानाचीही पूर्वतयारी आहे. पण मोठ्या माणसांना ती कोण देणार?

हत्तीरोगाचे प्रकरण याहून फसवे. हत्तीरोगाच्या जंतांच्या अळ्यांविरुद्ध, म्हणजे सूक्ष्म फायलेरियांविरुद्ध, शरीर अतिरेकी प्रतिक्रिया देते तेव्हा रात्रीचा कोरडा खोकला, धाप, घरघर अशी हुबेहूब दम्याची लक्षणे दिसतात. इओसिनोफिल 3000 च्या वर जातात, आयजीईही प्रचंड वाढते. याला उष्णकटिबंधीय फुप्फुसीय इओसिनोफिलिया म्हणतात, आणि 1940 च्या दशकातली त्याची सुरुवातीची वर्णने भारतातूनच झाली. उपचार तीन आठवड्यांच्या डायइथाइलकार्बामाझिनच्या स्वस्त गोळ्या. अशा रुग्णाला हजारो रुपयांचे प्रतिपिंड टोचणे म्हणजे मूळ रोग तसाच ठेवून आकडा पुसणे.

उलट्या दिशेची चूक इंजेक्शनातून येते. धाप लागली की दवाखान्यात डेरीफायलीन आणि डेक्सा टोचून घ्यायची आणि तात्पुरते बरे वाटले की कामावर जायचे, ही रीत खेड्यापाड्यांत मुरलेली आहे. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. त्याने इओसिनोफिल झपाट्याने उतरतात. त्यानंतर काढलेल्या रक्तात आकडा कमी आला म्हणून हा रुग्ण प्रतिपिंडाच्या लायक नाही, असे ठरवणे तितकेच चूक. शिवाय अंगात स्ट्राँगिलॉइड्स नावाचा जंत दडलेला असेल, तर स्टेरॉइडने तो अंगभर पसरून जीवही घेऊ शकतो.

जंतांशी लढणारी यंत्रणाच ही औषधे दडपतात, मग जंत बोकाळतील का, ही शंका रास्त आहे. ब्राझीलमध्ये जंतांचा धोका असलेल्या अ‍ॅलर्जीच्या रुग्णांत याचीच चाचणी झाली. ओमॅलिझुमॅब घेणाऱ्यांत जंतबाधा 50 टक्के, न घेणाऱ्यांत 41 टक्के. फरक लहान, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही. बेनरालिझुमॅबच्या सूचनापत्रातही आधी जंतांवर उपचार करा, असेच सांगितलेले आहे.

धुराचा दमा हा वेगळाच विषय. उन्हाळ्यात कवळ, शेण, पालापाचोळा रचून भाजलेले राब, वीटभट्ट्या, घरातली चूल: या धुराने सुजलेल्या श्वासनलिकेत अनेकदा न्यूट्रोफिल पेशी जास्त असतात. कित्येकदा तो दमा नसून सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा फुप्फुसांचा आजार, असतो. इंटरल्यूकिन-5 अडवून इथे फारसे हाती लागत नाही. टेझेपेलुमॅब इओसिनोफिल कमी असलेल्या दम्यातही काही प्रमाणात उपयोगी पडले आहे, पण धुरातच राहणाऱ्या माणसाला ते देणे मला तरी पटत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी पंप, म्हणजे श्वासातून स्टेरॉइड देणारा इनहेलर, येतो. भारतातल्या एका मोठ्या बहुकेंद्रीय पाहणीत घरघरीची लक्षणे असलेल्यांपैकी 82 टक्के लोकांना दम्याचे निदानच झालेले नव्हते, आणि श्वासातून स्टेरॉइड रोज घेणारे अगदी मूठभर निघाले. पंपाची सवय लागते, ही समजूत त्यामागे आहेच. प्रतिपिंडे दम्याच्या थोड्याच रुग्णांसाठी आहेत: पंप योग्य रीतीने आणि नियमित घेऊनही ज्यांना अ‍ॅटॅक येतच राहतात, त्यांच्यासाठी. पंप कधी नीट घेतलाच नाही, तर दमा तीव्र की केवळ उपचाराविना, हे कळायला मार्ग नाही.

चाळणीतून इतके सारे गळून जे रुग्ण उरतील, त्यांच्यासाठी दोन डोसांतले अंतर हाही निवडीचा निकष धरावा लागेल. डुपिलुमॅब दर दोन आठवड्यांनी, मेपोलिझुमॅब दर चार, बेनरालिझुमॅब पहिल्या तीन डोसांनंतर दर आठ. औषध 2 ते 8 अंश तापमानात ठेवावे लागते, त्यामुळे वीज जाणाऱ्या पाड्यावर ते घरी ठेवण्याची सोय नाही. ओमॅलिझुमॅबच्या सुरुवातीच्या डोसांनंतर क्वचित येणाऱ्या तीव्र प्रतिक्रियेसाठी रुग्णाला काही वेळ बसवून ठेवावे लागते. आसनगावहून लोकल तरी मिळते; मुरबाडच्या माणसाला आधी एसटीने कल्याण गाठायचे असते आणि प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडते. वर्षाला सहा-सात खेपा आणि सव्वीस खेपा यांतला फरक औषधाच्या चाचण्यांत दिसत नाही. औषध मध्येच सोडून देणाऱ्यांत तो दिसतो.