लाखोळीच्या डाळीचा वाद



आहाराविषयी छातीठोकपणे बोलणाऱ्यांचा आपल्याकडे कधीच तोटा नव्हता. अमुक खाल्ले की आयुष्य वाढते, तमुक खाल्ले की रक्त बिघडते, असे सांगणारा गृहस्थ अकोटच्या कापूस बाजारातही भेटेल आणि एस. टी.च्या थांब्यावरही. त्यातले खरे किती हे ओळखावे कसे? कोरडे नियम सांगत बसण्यापेक्षा आपल्या विदर्भातच गाजलेल्या एका वादाचा इतिहास पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. हा वाद लाखेच्या, म्हणजे लाखोळीच्या डाळीचा.

वऱ्हाडच्या काळ्या रानातले हे मुख्य पीक नव्हे. ते पाहावयाचे तर भंडारा-चंद्रपूरकडे जावे लागते. धान उभे असतानाच बांधीतल्या ओलाव्यावर बी फेकले की झाले. नांगरट नाही, खत नाही. पावसाने दगा दिला तरी चार दाणे हाती लागतात. डाळ स्वस्त, प्रथिनांनी भरलेली, दिसावयास तुरीसारखी; म्हणून तर तुरीच्या डाळीत आणि बेसनात तिची भेसळ होते. आणि याच डाळीने माणसाचे पाय जातात, असा तिच्यावर आरोप.

आरोप जुना आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या स्लीमनसाहेबाने 1844 च्या आपल्या ग्रंथात सागर भागातली हकीकत नोंदविली आहे. 1829 पासून लागोपाठ तीन वर्षे गारा, अवर्षण आणि तांबेरा यांनी गहू बुडाला; तिवडा, म्हणजे आपली लाखोळीच, तेवढी तगली. लोक तिच्यावर जगले. पुढे तिशीच्या आतली धडधाकट माणसे एकाएकी कमरेखाली अधू होऊ लागली. या रोगात हात शाबूत राहतात, बुद्धी शाबूत राहते. पाय मात्र ताठरतात ते कायमचे. गावकऱ्यांनी दोष तिवड्यालाच दिला.

अशी साक्ष कितपत मानावी? अडाण्यांचे बोलणे म्हणून हसण्यावारी नेणे चूक, आणि तेवढ्यावर निकाल देणेही घाईचे. कारण तीन वर्षांच्या टंचाईत माणसाचे दुसरेही पुष्कळ काही बिघडते. बरे, विद्वानांचे तरी एकमत होते काय? 1925 च्या सुमारास काही संशोधकांनी दोष लाखोळीचा नसून तिच्यात मिसळणाऱ्या अकटा नावाच्या तणाच्या बियांचा, असे ठरविले होते. प्रयोगशाळेतून आले म्हणून ते टिकले नाही.

उलगड्याला मोठी मदत झाली ती दूर देशी, फार क्रूर रीतीने. दुसऱ्या महायुद्धात, 1942 च्या अखेरीस, युक्रेनमधील व्हापनियार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना गुरांचे खाद्य असलेली लाखोळी रोज सुमारे 400 ग्रॅम देण्यात येई. थोड्याच काळात शेकडो कैद्यांचे पाय गेले. कैद्यांपैकीच एक असलेले डॉ. आर्थर केसलर यांनी हा रोग ओळखला. सागरचा कुणबी आणि युरोपातला कैदी यांच्यात वंश, हवा, पाणी काहीच समान नव्हते. समान होते ते हे एक धान्य, आणि दुसरे काही न मिळणे. पुढे 1964 मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी या दाण्यातले विषारी अमिनो आम्ल वेगळे करून दाखविले. त्याला ओडॅप म्हणतात.

दरम्यान 1961 साली केंद्राने विक्रीबंदीचा नियम केला. अंमल राज्यांकडे सोपविला. महाराष्ट्राने बंदी घातली, शेजारच्या मध्य प्रदेशाने घातली नाही. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे झगडले, त्यांनी उपोषणेही केली. पूर्व विदर्भातली माणसे पिढ्यान्पिढ्या ही डाळ खातात, त्यांचे पाय कोठे गेले, असा त्यांच्या बाजूचा सवाल होता. सवाल बिनतोड वाटतो, नाही का? आणि त्यातली वस्तुस्थिती खोटी नव्हती. पण भाताबरोबर वाटीभर वरण खाणाऱ्याला काही होत नाही, एवढ्यावरून केवळ तीच खाणाऱ्याचे काय होते ते कळत नाही. दोन-तीन महिने अन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा वा त्याहून अधिक लाखोळीच असली, तर धोका उभा राहतो, असे साधारणपणे मानले जाते. रीवा भागात शेतमजुराला मजुरीच या धान्यात मिळे. त्याच्यापुढे निवडीचा प्रश्नच नव्हता.

माझ्या मते कायदा करणाऱ्यांचीही नजर येथेच चुकली. त्यांनी धान्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आणि ती मजुरी देणारा मालगुजार बाहेर राहिला. वादाचे दोन्ही पक्ष डाळीकडे बघत होते. ताटात तिच्याशेजारी काय आहे हे फार थोड्यांनी विचारले.

2008 साली महाराष्ट्राने बंदी उठविली. ‘रतन’, ‘प्रतीक’, ‘महातिवडा’ असे कमी विषाचे वाणही निघाले आहेत. शिवाय डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिले तर विषाचा बराच अंश निघून जातो, हेही सिद्ध झाले आहे. फक्त ही युक्ती सांगताना एक गोष्ट विसरली जाते. माणसे लाखोळीवरच दिवस काढतात ती दुष्काळाच्या वर्षी, आणि त्या वर्षी ओतून देण्यापुरते पाणी घरात नसते.