विश्रांत हृदयालेख : प्रमाणीकरणाचा इतिहास आणि गोडादऱ्यातील रुग्ण

प्रस्तावना : सुरतच्या गोडादरा-लिंबायत भागात खानदेशातून कापड उद्योगासाठी आलेल्या मराठी भाषिक कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांचे जाणे-येणे सुरत व धुळे-जळगाव असे दोन्हीकडे असते. सुरतेत काढलेली ईसीजीची पट्टी गावाकडील डॉक्टरही वाचू शकतो. हे कसे शक्य झाले, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

ऐतिहासिक आढावा : इब्न सीना यांनी 'अल-कानून' या ग्रंथात नाडीचे सविस्तर वर्गीकरण केले. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस यांनी रक्त फुप्फुसांतून हृदयाच्या डाव्या बाजूस जाते, हे मांडले. हृदयातील विद्युत क्रियेची शरीराच्या पृष्ठभागावरून नोंद मात्र १८८७ मध्ये लंडन येथे ऑगस्टस वॉलर यांनी केली. पुढे नेदरलँड्समधील विलेम आइन्टहोव्हेन यांनी स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटरने ती अचूक केली. ते यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. या कार्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३८ मध्ये अमेरिकन व ब्रिटिश हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी छातीवरील जागा निश्चित केल्या. १९४२ मध्ये गोल्डबर्गर यांनी हातापायांच्या तीन लीडची भर घातली व बारा लीडचा आलेख पूर्ण झाला.

नोंद व वाचन : रुग्णाला शांत झोपवून दहा इलेक्ट्रोड लावले जातात. कागद सामान्यतः सेकंदाला २५ मि.मी. सरकतो, १० मि.मी. उंची म्हणजे एक मिलिव्होल्ट. मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा असतो. ठोके नियमित असल्यास ३०० ला दोन आर-लहरींमधील मोठ्या चौकोनांनी भागले की गती मिळते. चार चौकोन म्हणजे मिनिटाला ७५ ठोके. दोन्ही हातांच्या तारांची अदलाबदल झाल्यास पहिल्या लीडमधील लहरी उलट्या दिसतात व निरोगी माणूसही रुग्ण ठरू शकतो.

निष्कर्ष : हा आलेख केवळ काही सेकंदांचा असतो. छातीत दुखत असताना तो सामान्य आला, तरी हृदयविकार नाही असे ठरत नाही. अशा वेळी तो पुन्हा काढावा लागतो. आजचा बदल नवा की जुना, हे पूर्वीच्या पट्टीशी तुलना केल्यावरच कळते. म्हणून दोन गावांत विभागलेल्या कुटुंबाने नाव, तारीख व वेळ लिहिलेली जुनी पट्टी जपून ठेवणे आणि प्रवासात सोबत बाळगणे अगत्याचे आहे. प्रमाणीकरणाचा खरा लाभ तेव्हाच रुग्णापर्यंत पोहोचतो.