सत्तावीस वर्षांच्या युद्धाचे देणे

औरंगजेब १७०७ च्या मार्चमध्ये अहमदनगरजवळ भिंगारला वारला आणि मराठ्यांचे स्वातंत्र्ययुद्ध संपले, असे आपण शाळेपासून वाचत आलो. तारीख म्हणून हे ठीक. कारण म्हणून अपुरे आहे. युद्ध आधीच कुजले होते. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, तरी राजाराम महाराज जिंजीहून लढत राहिले. १७०० पासून ऐंशी ओलांडलेला बादशहा स्वतः सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड असा गडामागून गड घेत फिरला. यातले बहुतेक गड किल्लेदारांना पैसे चारून मिळाले आणि छावणी पुढे सरकताच अनेक परत मराठ्यांकडे गेले. जिंकलेले राखता येईना आणि सोडवेनाही, अशी ही कोंडी होती.

माझ्या मते हे युद्ध तलवारीपेक्षा वतनांवर लढले गेले आणि वतनांवरच मिटले. शिवाजी महाराजांचा कल रोख वेतनाकडे होता, वतनदारांना त्यांनी आवरून धरले होते. जिंजीच्या दरबारात खजिनाच नव्हता. म्हणून १६९१ मध्ये हणमंतराव घोरपड्यांना सरंजामाचे आश्वासन दिले गेले ते अजून न जिंकलेल्या मुलखाच्या हिशेबाने: अमुक रक्कम रायगड प्रांत घेतल्यावर, अमुक विजापूर घेतल्यावर आणि शेवटची थेट दिल्ली घेतल्यावर. पलीकडे बादशहाही मनसबी वाटत होता. म्हसवडचे नागोजी माने कधी इकडे, कधी तिकडे गेले. आपले वतन ज्याच्या शिक्क्याने टिकेल तिकडे माणूस वळत होता. मोगलांच्या चाकरीत असलेला भीमसेन सक्सेना लिहितो की जहागिरींतून वसूल येत नाही आणि मनसबदारांना फौज पोसता येत नाही. वसूल मराठ्यांच्या हाती गेला, तिथेच बादशहाची बाजू खचली.

यावर कोणी म्हणेल, वतने वाटली नसती तर स्वराज्यच उरले नसते. हे खरे आहे आणि त्यासाठी त्या काळात कारभार पाहणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पण ज्यांच्या कारभारात ही खैरात झाली, त्यांच्याच ‘आज्ञापत्र’ या राजनीतीच्या ग्रंथात वतनदारांपासून राज्याला असलेल्या धोक्याचा कळकळीचा इशारा आहे. तातडीच्या गरजेपोटी काढलेले कर्ज पुढे फेडावे लागणार, हे त्यांना दिसत होते.

ते देणे लगेच पुढे आले. तख्तासाठी आग्र्याकडे धावणाऱ्या औरंगजेबाच्या मुलाने, आझमशहाने, मे १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतल्या संभाजीपुत्र शाहू महाराजांना सोडले, कारण मराठ्यांत दुही माजावी हा त्याचा हेतू होता. ऑक्टोबरात खेडच्या लढाईत राजाराम महाराजांच्या विधवा ताराबाईंनी पाठवलेले धनाजी जाधव शाहूंना मिळाले. घरातली ही फूट कागदोपत्री मिटायला १७३१ चा वारणेचा तह व्हावा लागला आणि त्यानेही सातारा-कोल्हापूर या दोन गाद्या कायमच केल्या. बादशाहीशी मिटले ते १७१९ च्या सनदांनी. दख्खनचा मोगल सुभेदार सय्यद हुसेन अलीला दिल्लीच्या दरबारी भांडणासाठी फौज हवी होती. शाहूंचे पेशवे बाळाजी विश्वनाथ ती घेऊन गेले आणि स्वराज्य, दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदा घेऊन परतले. शाहूंच्या आई येसूबाई तीस वर्षांच्या कैदेतून सुटल्या. बदल्यात पंधरा हजारांची फौज आणि दहा लाखांची पेशकश कबूल करावी लागली. बादशाही दुबळी असल्याने हे मांडलिकपण नावापुरते होते, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही परमुलखात वसूल करण्याचा हक्क या कागदांनीच दिला आणि पुढचा सगळा विस्तार त्यावर उभा राहिला.

हा वसूल वाटला कसा, ते पाहावे. चौथाईच्या दर शंभर रुपयांतले पंचवीस बाबती म्हणून छत्रपतींचे, सहा साहोत्रा म्हणून पंत सचिवांचे, तीन नाडगौडा म्हणून छत्रपती देतील त्याचे आणि उरलेले सहासष्ट मोकासा म्हणून सरदारांचे. राज्य वाचवण्यासाठी सरदारांना दिलेला शब्द पाळला गेला; राज्याच्या तिजोरीकडे मात्र चौथाईचा लहान वाटा आला.