अनुत्तरित प्रार्थना आणि 'तू'चे संबोधन

ख्रिस्ती भक्तिकाव्याचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष सहसा स्तुतिगीतांकडे प्रथम जाते. परंतु हाक मारूनही ओ येत नाही अशा वेळी भक्ताची वाणी काय करते, हा प्रश्नही त्या काव्याच्या इतिहासात तितकाच मूलगामी आहे.

त्याचा उगम हिब्रू स्तोत्रसंहितेत आढळतो. तेथील १५० स्तोत्रांत विलापस्तोत्रांची संख्या मोठी आहे. त्यांपैकी बहुतेक अखेरीस आश्वासनाकडे वा स्तुतीकडे वळतात. ८८वे स्तोत्र मात्र वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधारवाचक आहे. तरीही ज्या ईश्वराने मुख लपविले म्हणून कवी तक्रार करतो, त्यालाच तो आरंभी आपला तारणारा म्हणून हाक मारतो. पुढे मार्कच्या शुभवर्तमानात, क्रूसावरील येशूच्या मुखी २२व्या स्तोत्रातील त्यागिले गेल्याचा आक्रोश आला. हा स्वर अश्रद्धेचा म्हणून टाकून देणे त्यानंतरच्या ख्रिस्ती कवींना शक्यच नव्हते.

जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स (१८४४–१८८९) हा या परंपरेचा आधुनिक वारस होय. १८६६ मध्ये तो कॅथलिक झाला, १८६८ मध्ये जेझुइट संघात शिरला आणि १८८४ मध्ये ग्रीकचा प्राध्यापक म्हणून डब्लिनला गेला. तेथील एकाकीपणात, ढासळत्या प्रकृतीत व उत्तरपत्रिकांच्या ओझ्याखाली, १८८५च्या सुमारास त्याने जी सुनीते लिहिली त्यांस टीकाकार 'भयंकर सुनीते' म्हणतात. त्यांतील एकात तो आपल्या आक्रोशांना कधीच न पोहोचणाऱ्या पत्रांची उपमा देतो. तेथे ईश्वर 'तो' आहे, दूर राहणारा आहे. रॉबर्ट ब्रिजेसने १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहात ही सुनीते वाचताना कवीची श्रद्धा ढळली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मला तो मान्य नाही.

१७ मार्च १८८९ चे सुनीत याबाबतीत निर्णायक वाटते. दुर्जनांची भरभराट का होते, हा यिर्मया संदेष्ट्याचा प्रश्न कवी येथे आपला करतो. वसंत बहरला, पाखरे घरटी बांधू लागली. आपल्या हातून मात्र टिकाऊ असे काहीच घडत नाही, ही त्याची व्यथा आहे. म्हणजे मागणे अद्याप अपुरेच आहे. परंतु ईश्वर येथे पहिल्या ओळीपासून 'तू' आहे. त्या 'तू'ला जोडूनच न्यायालयात शोभावे असे अदबीचे 'सर' हे संबोधनही येते. अनुवादक येथे अडखळतो. तुकोबांचे विठोबाशी भांडण घरच्या माणसाशी असावे तसे सलगीचे आहे. हॉपकिन्सचा वाद अदब राखून चालतो. 'महाराज' म्हणावे तर दरबार उभा राहतो, 'देवा' म्हणावे तर वादीचा आब जातो. पण कोणताही पर्याय घेतला तरी ते द्वितीय पुरुषी संबोधन सोडून चालणार नाही. कवीचा विश्वास त्यातच साठलेला आहे.

८ जून १८८९ रोजी डब्लिन येथेच विषमज्वराने हॉपकिन्सचे निधन झाले. त्याच्या प्रार्थनेस उत्तर मिळाले किंवा कसे, हे सांगणे वाङ्मयेतिहासाच्या कक्षेबाहेरचे आहे. मौन न सुटताही त्याने 'तो'चे पुन्हा 'तू' केले, याची नोंद मात्र त्या इतिहासाने अवश्य घ्यावयास हवी.