भाभांचं भाकीत आणि गोठलेला वायू
गिरगाव चौपाटीवरून मलबार हिल दिसते. होमी भाभांचं घर तिथलंच होतं. १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत ते म्हणाले, वीसेक वर्षांत अणुसंमीलन माणसाच्या काबूत येईल. आलं नाही. अडचणी पुष्कळ, आज आपण एकच पाहू. इंधन हायड्रोजनचं, दाट हवं म्हणून गोठवायचं, आणि एक वाट अशी की ते कणांच्या झोताने पेटवायचं. पण ते फुटण्याआधी तापलं पाहिजे ना! जर्मनीत डार्मश्टाटला १९९० च्या दशकात गोठवलेल्या निष्क्रिय वायूंच्या स्फटिकांवर जड आयनांचे झोत सोडून हेच तपासलं. आयन सर्वाधिक ऊर्जा थांबता थांबता सोडतो. त्यामुळे स्फटिक पोटातून तापतो, दाब वाढतो, फुटतो. सगळा खेळ मायक्रोसेकंदांचा. झोत लांबला, की मागचे आयन विरळ वायूतून आरपार निघून जातात.