नावेच्या पोटातील ठिणगी

रस्त्यावर मोटार बंद पडली तर माणूस खाली उतरतो, चार जणांना हाक मारतो आणि गाडी कडेला ढकलतो. पाण्यावर उतरायचे कोठे? तेथे वारा आणि प्रवाह नेतील तिकडे नाव जाते, आणि पुढ्यात खडक असला तर खडकावर जाते. त्यामुळे नावेचे इंजिन का थांबते हा प्रश्न दर्यावर्दी लोकांना नेहमीच जिवाचा वाटत आला. पेट्रोलच्या इंजिनात याचे उत्तर पुष्कळदा एका चिमुकल्या ठिणगीपाशी सापडते. त्या ठिणगीचा इतिहास आज आपण पाहू. तो कळला म्हणजे जुने इंजिन दुरुस्त करताना हात प्रथम कोठे घालावा, हेही आपोआप कळते.

पॅरिसमध्ये एतियेन लन्वार याने 1860 साली वायूवर चालणारे इंजिन तयार केले. त्यात बॅटरी आणि तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, यांच्या साहाय्याने ठिणगी पाडलेली होती. म्हणजे विजेची ठिणगी जुनीच. पण ती भरवशाची नव्हती. म्हणून 1876 साली निकोलाउस ओटो याने आपले प्रसिद्ध चार धावांचे इंजिन केले, तेव्हा वीज सोडून साध्या ज्योतीचा आधार घेतला. त्याच्याच कारखान्यातून बाहेर पडलेल्या गॉटलीब डाइमलर याने तिसरी वाट धरली. इंजिनाला एक बारीक नळी बसवायची, ती बाहेरून दिव्याने लाल तापवायची, आणि आतला वायू तिच्यात दाबला गेला की पेट घ्यायचा.

हे इंजिन डाइमलर आणि त्याचा सहकारी विल्हेल्म मायबाख यांनी 1886 साली एका नावेत बसवले आणि जर्मनीतल्या नेकार नदीवर चालवले. नाव जेमतेम साडेचार मीटर लांबीची. पण लोक बिचकले. पेट्रोल आणि पेटता दिवा एकाच नावेत! तेव्हा डाइमलरने नावेच्या कडेने तारा आणि चिनी मातीची बोंडे लावून, नाव विजेवर चालते असा लोकांचा समज होऊ दिला, असे सांगतात. गोष्ट गमतीची खरी, पण लोकांची भीती खोटी नव्हती. त्या भीतीकडे आपण पुन्हा येणारच आहोत.

पेटता दिवा लाटांत आणि वाऱ्यात टिकणार कसा? पुन्हा विजेकडे वळणे भाग पडले. रॉबर्ट बॉश याने 1887 साली स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला. लोहचुंबकाजवळ तारेचे वेटोळे हलले की तारेत वीज उत्पन्न होते, हे त्यामागचे तत्त्व. शिक्षकांनी मुलांना सायकलचा डायनॅमो दाखवावा. तो मॅग्नेटोचा धाकटा भाऊच आहे. बॅटरी नको आणि दिवाही नको. इंजिन फिरले की वीज तयार.

विसाव्या शतकाच्या आरंभी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशिया आणि न्यूफाउंडलंड या भागांत, कोळ्यांनी शिडाच्या आणि वल्ह्यांच्या होड्यांत लहान इंजिने बसवली. लुनेनबर्ग गावच्या ओतशाळेतली ‘अटलांटिक’ इंजिने त्यांपैकीच. यांत दोन धातूंची टोके थेट सिलिंडरच्या आत असत. ती एकमेकांना टेकत आणि पटकन सुटत; सुटताना ठिणगी पडे. वीज कमी दाबाची, म्हणून समुद्राच्या ओलाव्याने ती सहसा गळत नसे. या इंजिनांना उलट चालवण्यासाठी वेगळे दातचक्र नसले तरी कोळ्यांचे अडत नसे. कोळी ठिणगीची कळ बंद करी, जड चाक मंदावून शेवटच्या दाबाला अडले की नेमक्या क्षणी कळ पुन्हा चालू करी, आणि इंजिन उलटे फिरू लागे! धक्क्याला नाव लावताना ही कसरत रोजची. ठिणगीची नाडी या लोकांना इतकी कळलेली होती.

पण अनेक सिलिंडरच्या वेगवान इंजिनांना ही टोके पुरेनात. बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड याने 1902 साली उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. आता हलणारी टोके सिलिंडरबाहेर आली आणि आत उरला तो फक्त स्पार्क प्लग. त्यानंतर अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची सुटसुटीत जोडणी केली. 1910 सालच्या कॅडिलॅक मोटारीत ती आली आणि पुढे नावांच्या इंजिनांतही रूढ झाली. ऑशकॉश या अमेरिकी गावची ‘अटॉमिक फोर’ ही चार सिलिंडरची इंजिने 1947 पासून 1984 पर्यंत बनली आणि शिडाच्या हजारो नावांच्या पोटात बसली. आजही अनेक नावांत ती चालू आहेत, आणि त्यांचे मालक याच ठिणगीशी झगडत असतात.

ही जोडणी काम कशी करते? शेतकऱ्याला समजेल असा दाखला घेऊ. नळातून जोरात पाणी वाहत असताना झडप एकदम बंद केली की नळ दणका देतो. तसेच येथे आहे. बॅटरीची वीज कॉइलमधून वाहत असते. पॉइंट उघडले की ती एकदम अडते, आणि त्या दणक्यात कॉइलच्या दुसऱ्या, बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उसळतात. पॉइंटपाशी वीज उडी मारून वाया जाऊ नये म्हणून कंडेन्सर ती क्षणभर पोटात घेतो. उसळलेली वीज डिस्ट्रिब्यूटरमधला फिरता रोटर पाळीपाळीने एकेका प्लगला वाटतो.

वेग मिळाला, पण जुना ओलाव्याचा प्रश्न परत आला. उच्च दाबाची वीज वाट चुकायला टपलेली असते. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत खाऱ्या दमट हवेचा थर बसला, किंवा टोपीला केसाएवढा तडा गेला, तरी ती प्लगकडे न जाता तिकडूनच पसार होते. म्हणून नावेतल्या दुरुस्तीचा क्रम ठरलेला असावा. अंदाजाने एकेक सामान बदलत बसू नये. विजेच्या वाटेने टप्प्याटप्प्याने जावे.

पहिला टप्पा बॅटरीचा. पितळेचे भांडे कळकते तशी तारांची टोके कळकतात. ती घासून घट्ट आवळावीत. बॅटरीची दुसरी तार इंजिनाच्या अंगाला जोडलेली असते, तीही पाहावी. मग कळ चालू करून कॉइलपर्यंत वीज पोहोचते का, हे मीटरने किंवा लहान दिव्याने तपासावे. तिसरा टप्पा पॉइंटचा. ते स्वच्छ असावेत आणि पूर्ण उघडल्यावर फट सुमारे अर्धा मिलिमीटर असावी. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. त्यानंतर टोपी, रोटर, जाड तारा आणि शेवटी प्लग. प्लग पेट्रोलने ओला निघाला तर इंधन येते आहे, ठिणगी कमी पडते आहे असे बहुधा समजावे. कोरडा निघाला तर इंधनाची वाट तपासावी.

एक आजार मात्र फसवा. इंजिन तासभर उत्तम चालते, मग थांबते, आणि अर्ध्या तासाने काही न करता पुन्हा सुरू होते. अशा वेळी कॉइल तापून दगा देत असण्याचा संभव असतो. पण इंधनाची अडचणही कधी कधी असेच सोंग घेते. म्हणून इंजिन थांबले त्याच क्षणी ठिणगी आहे की नाही हे पाहणे, हाच खरा निवाडा.

आणि येथेच नेकार नदीवरच्या लोकांची ती भीती पुन्हा समोर येते. मोटारीखाली सांडलेले पेट्रोल उघड्या हवेत उडून जाते. नावेत तसे होत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती नावेच्या तळाशी साचून राहते. तेथे मेकॅनिकने प्लग काढून उघड्यावर ठिणगी पाडली तर नावच उडायची. अशा अपघातांच्या धास्तीमुळे अमेरिकेत 1940 सालच्या मोटारबोट कायद्याने इंजिनाची जागा हवेशीर ठेवणे बंधनकारक केले. इंजिन सुरू करण्यापूर्वी तळाची हवा खेचणारा पंखा निदान चार मिनिटे चालवा, असे तेथे आजही बजावतात.

म्हणून क्रमात सगळ्यांच्या आधी एक टप्पा घालावा लागतो. झाकणे उघडा, पंखा चालवा, तळाशी नाक नेऊन वास घ्या. वास आला तर विजेची कोणतीही कळ दाबू नका. आधी गळती शोधा. वास नसला तरी उघडी ठिणगी टाळावी. प्लगच्या तारेला बाहेरून चिमटा लावायचा तपासणीचा दिवा मिळतो. ठिणगी गेली की तो चमकतो.

आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या मोठ्या यांत्रिक नौका डिझेलवर चालतात. रुडॉल्फ डीझेल याने 1897 साली यशस्वी करून दाखवलेल्या त्या इंजिनात हवा दाबूनच इतकी तापते की ठिणगीची गरज पडत नाही. शेतावरच्या डिझेल पंपालाही म्हणूनच प्लग नसतो. पण 1972 साली निघालेली लूना ज्यांनी चालवली, त्यांना पॉइंट घासण्याचा अनुभव असेलच. पुढे इलेक्ट्रॉनिक साधनांनी पॉइंट हटवले. तरी नव्या जोडणीतही कळकलेली तार आणि ओली टोपी इंजिन थांबवतातच.

एका ठिणगीला वेळेवर आणि जागेवर पाडायला शंभर वर्षे खपली. डाइमलरला ती जागा तारांनी आणि बोंडांनी झाकावी लागली. आज दुरुस्तीला बसणाऱ्याने उलट करावे: आधी सगळी झाकणे उघडावी, वारा आत येऊ द्यावा, आणि मगच पान्याला हात घालावा.