महाराजांच्या तसबिरीची कुळकथा

छत्रपती शिवाजी महाराजांचा जो चेहरा मराठी माणूस ओळखतो, त्याचे मूळ सतराव्या शतकातल्या लहानशा कागदावरच्या लघुचित्रांत आहे.   त्यांचे रूप टिपले गेले ते दूर, गोवळकोंड्याच्या चित्रकारांकडून.

1677 मध्ये महाराज कुतुबशहाच्या भेटीला तिथे गेले होते. चित्रकारांनी त्यांना पाहिले असेल तर बहुधा याच वेळी. या चित्रकारांचे मोठे गिऱ्हाईक युरोपीय होते. हिंदुस्थानातल्या राजे-सरदारांच्या तसबिरींचे संच त्यांना हवे असत. कागद एकावर एक चिकटवून, घोटून वसली तयार होई. तिच्यावर खारीच्या केसांच्या बारीक कुंचल्याने डिंकात कालवलेले रंग भरत. मूळ रेखाटनाचा चरबा जपून ठेवला की त्यावरून हव्या तेवढ्या प्रती निघत. एका बाजूने दिसणारा चेहरा, बाकदार नाक, टोकदार दाढी ही ठेवण अनेक चित्रांत सारखी आढळते, ती यामुळेच. प्रत काढणे हे कमअस्सल काम मानण्याची रीत इथे सोडून द्यावी लागते, कारण या प्रतींनीच महाराजांचा चेहरा टिकवला.

व्हेनिसच्या निकोलाव मनुचीने 1686 पूर्वी मीर मुहम्मद या चित्रकाराकडून काढवलेल्या संचात महाराज घोड्यावर आहेत. त्याच सुमाराचा दुसरा संच अ‍ॅमस्टरडॅमचा नगरपाल निकोलास विट्सेन याच्याकडे पोचला. पुढच्या शतकात युरोप-अमेरिकेत हस्तिदंतावरची लघुचित्रे लॉकेटमध्ये बसवून आप्तांची आठवण म्हणून गळ्यात घालत. गोवळकोंड्याच्या तसबिरी मात्र परक्या राज्यकर्त्यांची ओळख म्हणून युरोपात जात होत्या.

फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनने 1724 ते 1726 दरम्यान छापलेल्या डच ग्रंथात महाराजांचे चित्र आले. महाराष्ट्रात मात्र इब्राहिम खान नावाच्या सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून चालत राहिले. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी 1933 मध्ये अस्सल चित्र लोकांपुढे आणून ही चूक दुरुस्त केली. मराठी इतिहाससंशोधनावर त्यांचे हे मोठे ऋण आहे. महाराजांची समकालीन लघुचित्रे आज पॅरिसचे राष्ट्रीय ग्रंथालय, अ‍ॅमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम आणि लंडनचे ब्रिटिश म्युझियम येथे जतन केलेली आहेत.